वहिनीचं ओलं फडकं

लकडगंजात दाराच्या चौकटीसाठी सागवान पाहत उभा होतो, तेवढ्यात दादाचा फोन आला. करवतीच्या आवाजात आधी काही ऐकूच आलं नाही. मग त्यानं पुन्हा सांगितलं, "गेली गा तुही वहिनी… झोपेतच गेली." दुकानदार लाकडाच्या रेषा दाखवत राहिला आणि मी नुसती मान डोलवत राहिलो. याला आता महिना होऊन गेला. लिहिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितो आहे.

दादा नागपूरजवळ कोराडीला वीज केंद्रात नोकरीला होता. दहावीनंतर नागपुरात शिकायचं म्हणून मी गावाहून त्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, तेव्हा त्याच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. वहिनी माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. पण नात्यानं मी दीर, म्हणून पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' आणि 'तुम्ही'. मी मात्र तिला सरळ 'तू' म्हणायचो. तिनं तो 'तुम्ही'चा आदर रागातही सोडला नाही. मी गणितात नापास झालो तेव्हा गुणपत्रिका दोनदा वाचून ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, तुम्ही गधे आहा जी." इतक्या मानानं मला आजवर कुणी गाढव म्हटलेलं नाही.

त्या काळी कॉलनीत वीज केंद्रातल्या कोळशाची राख उडायची. अंगणात, माठावर, तुळशीवर… बाहेर वाळत घातलेला पांढरा कपडा दुपारपर्यंत करडा होई. शहरातल्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एकानं माझी कॉलर बोटानं पुसली, बोट सगळ्यांना दाखवलं आणि "आला राखवाला" म्हणून वर्ग हसला. त्या रात्री मी घरी जेवलो नाही. वहिनीनं गोड बोलून सगळं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी खलातला बत्ता घेऊन तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत हा एवढा खिळा ठोकला आणि तिथून समोरच्या दारापर्यंत दोरी बांधली. माझं शिक्षण संपेपर्यंत माझे शर्ट घरातच वाळले. वाळत घालण्याआधी ती ओल्या फडक्यानं दोरी पुसायची, रोज, न चुकता. पोळ्या लाटताना शर्टाच्या बाह्या तिच्या डोक्याला लागत. मलाच लाज वाटून मी म्हटलं, "वहिनी, राहू दे वं. दोन खोल्यांत कुठं हा पसारा?"

"काहून? कोराडीचे आहा तर आहा. पण ते तुमच्या तोंडून समजलं पाहिजे त्यायले, कॉलरीवरून नाही."

मी पुढे शिकलो, नोकरीत वर चढलो. लोक त्याचं श्रेय माझ्या मेहनतीला देतात. देवोत बापडे.

नंतर दादानं शहरात फ्लॅट घेतला. तिथं राखेचा कण नव्हता, तरी वहिनी बाल्कनीतली दोरी पुसायचीच. जित्याची खोड, म्हणून आम्ही चिडवायचो. आता ती म्हण तोंडात येत नाही.

"भाऊजी, एकदा जुनं क्वार्टर दाखवून आणा जी," असं ती किती वर्षं म्हणत होती. मी आज-उद्या करत राहिलो आणि शेवटी या जानेवारीत तिला घेऊन गेलो. कॉलनीतल्या सगळ्या ओळी सारख्या. तरी मी ऐटीत एका दारासमोर गाडी उभी केली. घरातल्या तरुण बाईनं कौतुकानं आत घेतलं, चहा टाकला. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली, चौकटीवरून हात फिरवला आणि परत येऊन बसली. मग त्या पोरीला हसत हसत सांगत राहिली, "इथं मी पोळ्या लाटो, इथं भाऊजी अभ्यासाले बसे." निघाल्यावर मला पाण्याची टाकी दिसली आणि चूक लक्षात आली. आमची ओळ टाकीच्या पलीकडची!

"वहिनी, ते आपलं घर नोतंच वं!"

"मले खिडकीपाशीच समजलं जी. खिळ्याचं भोकही नोतं तिथं. पण तिनं चहा मांडला होता ना… बिचारीचा हिरमोड कायले करा?"

"मग वळवू गाडी?"

विचारलं खरं, पण विचारताना माझी नजर घड्याळाकडे गेली. तिनं ते पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली, "पुढच्या वेळी येऊ."

मी गाडी वळवली नाही. पाच मिनिटांचा रस्ता होता. ही बोच माझ्या मनातून जात नाही, जाणारही नाही.

परवा एकटाच गेलो. टाकीच्या पलीकडे, दुसरं दार. तिथं राहणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं, तशा त्या मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. खिळा होता. रंगाचे थर चढून जाड झालेला, थोडा वाकलेला.

"लय वेळा उपटून पाह्यला," बाई म्हणाल्या, "निघतच नाही. ठोकणाऱ्यानं कायनं ठोकला का बाप्पा!"

"ठोकणारीनं," मी म्हटलं. "बत्त्यानं." मग खिशातला रुमाल काढला आणि खिळा पुसला. रुमालावर काळी रेघ उमटली. आणि कानाशी स्पष्ट ऐकू आलं, "भाऊजी, तुम्ही गधे आहा जी. फडकं आधी ओलं करा लागते."