भागामावशींचा फोन

फोनवर बोलायला आमच्या रेडिओच्या निवेदकांना, पावण्यांना, फोन वाजायची गरज लागत नसे. समोरचा रिसीव्हर जागच्या जागी पडलेला असायचा आणि हे बिनदिक्कत म्हणायचे, "बोला राजुरीकर, आवाज जरा मोठा करा." मग तोंडावर रुमाल धरून, माइकपासून हातभर मागं सरकून, स्वतःच उत्तर द्यायचे. मी काचेपलीकडं आवाजाची बटणं सांभाळत बसलेली असे. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

आमच्या भागात एका शेतीसंस्थेनं लहानसं रेडिओ केंद्र काढलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी, नव्वदच्या दशकात, पावणं बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, भोंग्यावरून निवेदन करायचे. जुन्नर-आंबेगावातले सगळे घाट त्यांच्या आवाजानं दणाणलेले. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते 'पावणं' म्हणत, म्हणून लोकांनी त्यांनाच ते नाव लावून टाकलं. "माइकवाला गप बसला की पळता बैल बी थांबतो," असं त्यांचं म्हणणं. आमच्या गुरुवारच्या फोनच्या कार्यक्रमाला सुरुवातीला एकही फोन येईना. असा माणूस गप्प कसा बसणार?

तर त्यांनी माणसंच तयार केली. घोडेगावचे एक शेठजी होते, ज्यांना कांद्याचा कुठलाच भाव कधी पटत नसे. अवसरीचे एक मास्तर होते, ते प्रश्न विचारायच्या आधी निवेदकाचीच परीक्षा घेत. पण सगळ्यांवर कडी केली ती राजुरीच्या भागामावशींनी. त्या खोकणाऱ्या मेंढरावर औषध विचारायच्या आणि उत्तर येण्याआधीच खवळायच्या, "मेल्या, तुला काय ठावं? मेंढरामागं चालला व्हतास का कदी? आदी सांग, जेवलास का?" हळूहळू खरे फोनही येऊ लागले आणि त्यातले निम्मे भागामावशींची चौकशी करणारे असत.

एकदा चहा पिताना मी म्हटलं, "पावणं, बाकीची सोंगं ओळखू येतात. मावशी मात्र खरीच वाटते."

"खरीच हाये," ते म्हणाले. "माझी आई हाये ती."

भागाबाईंना लकवा झाला होता. उभं आयुष्य मेंढरांना हाका मारण्यात गेलेल्या बाईची वाचाच गेली. तेव्हापासून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. सून भरवायला बसली की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. एका गुरुवारी फोन आला नाही म्हणून पावण्यांनी सहज आईचा आवाज काढला. तिकडं घरी म्हातारी कूस बदलून रेडिओकडं वळली आणि तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मग रोजच्या जेवणाला तोच मंत्र झाला. "आये, गुरवारी फोनवर बोलायचंय ना? मग दोन घास खा." ऐकून मला पुढं हसू येईना.

केंद्र चालवणारे आमचे साहेब सरळ माणूस. कागदाबाहेरचं काही करायचं नाही आणि करू द्यायचं नाही. रेडिओवरून खोटं गेलं तर परवाना जाईल, आणि परवाना गेला तर सगळ्यांच्याच चुली विझतील, हे त्यांचं पालुपद. केंद्राच्या वर्धापनदिनाला सगळ्यांत लाडक्या श्रोत्याचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. लाडकं कोण, हे काय विचारायचं? पावणं म्हणाले, मावशी लेकीकडं गेल्यात. मग म्हणाले, त्यांच्या डोळ्यांचं आपरेशन झालंय. साहेब म्हणाले, "मग आपणच जाऊ की." आणि त्यांनी जीप काढली.

पावणं मागच्या सीटवर मांडीत नारळ घेऊन बसले होते. ते वाटभर गप्प होते, असं मी प्रथमच पाहिलं. राजुरीत शिरल्यावर साहेबांनी एकाला विचारलं, "रेडिओवर बोलतात त्या भागामावशींचं घर कुठं?" त्यानं जीपमध्ये डोकावून मागं बोट केलं. "आवो, ह्यांच्याच मातोश्री की त्या. पण त्यांची तर वाचा गेलीया."

साहेब जीपमधून उतरले. घरात गेले. खाटेशेजारी खुंटीला रेडिओ टांगलेला होता. ते वाकून म्हणाले, "आजी, गुरुवारी फोनवर तुम्हीच बोलता ना?"

म्हातारीचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. तिनं धड असलेला हात उचलला आणि आपल्या छातीवर ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. साहेबांनी तिची ओटी भरायला सुनेला सांगितलं, स्वतः पाया पडले आणि अंगणात येऊन पावण्यांना म्हणाले, "उद्यापासून माइकवर बसू नका."

"येवढा एक फोन राहू द्या साहेब. मी केंद्राची झाडलोट करतो."

"खोटा फोन मला ठेवता येत नाही हो."

पावण्यांनी भर अंगणात त्यांचे पाय धरले. मला साहेबांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं चुकत नव्हतं म्हणून तो जास्तच आला.

माइकवर मला बसवलं. पावणं एकदा आपली पिशवी न्यायला आले तेव्हा ओळखू येईनात, इतके उतरले होते. आईनं पुन्हा भिंत धरली होती. त्यांनी खाटेशेजारी बसून तिचा आवाज काढून पाहिला, तर तिनं त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि रेडिओकडं बोट केलं. "घरात बोलल्यालं तिला चालत न्हाई, ताई. चार गावांनी आयकलं तरच ती बोलली म्हणायची."

नंतरच्या एका गुरुवारी कार्यक्रम चालू असताना फोन वाजला. मी उचलला. "मेले, तू कोण? आमचं पावणं कुठं गेलं?" काचेपलीकडं साहेब उभे होते. माझा हात बटणावर गेला. त्यांनी बंद कर म्हणून खूण केली नाही, हलकेच खुर्चीत बसले. मावशी मेंढरांबद्दल बोलत राहिली, पावसाबद्दल बोलली, मला स्वयंपाक येतो का ते विचारलं. आणि बोलता बोलता तो म्हातारा आवाज मधेच फाटला. आतून पुरुषाचा आवाज आला. "आये, खा गं. पाया पडतो तुझ्या. दोन घास तरी खा."

फोन बंद झाला. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. अवसरीहून कुणी म्हातारबाबा होते, अगदी खरे. "ताई, मावशींना सांगा, आमी ताटावर बसलोय. त्यांनी बी बसावं." त्यानंतर घोडेगावहून एक बाई बोलल्या, मग आणखी कुणी. वेळ संपली तरी साहेबांनी कार्यक्रम थांबवला नाही.

पुढच्या गुरुवारच्या आत भागाबाई गेल्या. मी आणि साहेब राजुरीला गेलो. पावणं ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "त्या दिवशी जेवल्या का हो?"

"न्हाई," पावणं म्हणाले. "घास न्हाई घेतला. पर समद्यांचं बोलणं शेवटपातुर आयकलं. आन् ताई, गेली तवा तोंड भिंतीकडं नव्हतं."