बारुदाच्या खोक्यांवर नाचणारा राजूभाऊ

राजूभाऊचा डावा हात पोलिसांनी मोडला होता. नाचण्यापायी.

आज सकाळी तो गेला.

८५-८६ची गोष्ट. आमची खाणीची कॉलनी, तुमसरच्या पुढे. राजूभाऊ ट्रकवर क्लीनर. नागपुरात व्हिडिओवर ब्रेक डान्स बघून आला आणि आम्हाला फुकट शिकवायला लागला. नऊ पोरं आणि मी एकटी पोरगी.

जमीन खडबडीत, डोकं टेकून फिरायचं कसं? माझे बाबा खाणीत बारुदाच्या गोदामावर होते. पुठ्ठ्याचे रिकामे खोके जाळायचा नियम होता. बाबा ते आम्हाला द्यायचे, आम्ही ते उलगडून जमिनीवर अंथरायचो. कळलं असतं तर नोकरी गेलीच असती.

कुणीतरी चुगली केली. पोलिसांनी राजूभाऊला खोक्यांसकट उचललं.

"बारुद कुठं लपवलं?"

"साहेब, आमी यावर नाचतो."

"मंग नाच!"

चौकीच्या अंगणात, सगळ्यांसमोर. त्याने खोक्यावर हात टेकले की हातावर काठी. परत टेकले, परत काठी. खोका लाल झाला.

मी पळत जाऊन बाबांना सांगितलं. आईने दार अडवलं. बाबा तिला बाजूला सारून निघाले, मी त्यांच्या मागे.

"साहेब, खोके मीच दिलो. पोराले सोडा."

राजूभाऊने तोंडातलं रक्त थुंकलं.

"कोन होय हा बुढा? मी तं ओळखत बी नाही याले."

हवालदाराने बाबांना ढकलून हाकललं. मग हाड मोडल्याचा आवाज आम्ही फाटकाबाहेर ऐकला.

त्या हवालदाराला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

घरी आई ओरडली, "काहून गेले तुमी?"

"थो मार खाऊन राहिला होता, अन् मी जेवत बसू?" एवढं बोलून बाबा ढसाढसा रडले.

हात वाकडाच जुळला. पुढे राजूभाऊने नागपुरात मित्रांना घेऊन संस्था काढली. वस्त्यांमधून डान्स, रॅप, भिंतीवरची चित्रं, सगळं फुकट. आता त्याला हिप-हॉप म्हणतात म्हणे, आमच्यासाठी ब्रेक डान्सच. मारामाऱ्या करणारी पोरं दारात चाकू काढून ठेवायची, मगच आत यायची. एकदा एकाने नाही ठेवला, तर राजूभाऊने त्याच्या अशी कानफटात हाणली की बस. उजव्या हाताने.

दर रविवारी तो बाबांना फोन करायचा.

बाबा आता नव्वदीला टेकलेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. मघाशी विचारत होते, "राजूचा फोन नाही आला?"

"लाइन लागत नाही बाबा."

"हात दुखत असन त्याचा. थंडीत लय दुखते त्याले."

राजूभाऊ, आता नाही दुखणार.

तुला माझा आणि बाबांचा शेवटचा रामराम.