पाठमोऱ्या पारबताबाई

पारबताबाई नाच शिकवायच्या त्या मुलींकडे पाठ करून. मुली शाळेच्या मागच्या अंगणात टिपऱ्या घेऊन उभ्या राहिल्या, की या चुलीकडे तोंड करून तांदूळ निवडायला बसायच्या आणि मागं न बघताच सांगायच्या, "सुमन, तुया डावा पाय झोपला व. जागव त्याले." सुमन चाट पडायची. मीसुद्धा. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पाय आइकाचे असतात जी मॅडम. पाहाले गेलं का नुसता चेहराच दिसते."

लाखनीपासून आत असलेल्या आमच्या शाळेत त्या मुलांचा दुपारचा भात शिजवायच्या. साठीच्या आसपास वय, काटक अंग, बोलणं कमी. मी तिथली शिक्षिका. भंडाऱ्यात विणकरांच्या घरात वाढले, आठ वर्षं गाणं शिकले, विशारद झाले. रोजची प्रार्थना, पाहुण्यांचं स्वागतगीत, गॅदरिंगचे नाच, सगळं माझ्याकडे. 'माझ्या मुली' असंच मी म्हणायचे.

त्या वर्षी जिल्ह्याच्या लोकनृत्य स्पर्धेसाठी मी आठ मुली निवडल्या. मोबाइलला स्पीकर जोडून पंधरा दिवस राबले. मुली हात हलवायच्या, हसायच्या, मोजून वळायच्या, आणि नाच काही व्हायचा नाही. तेवढ्यात मला तीन दिवस निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. परतले तर मागच्या अंगणातून ठेका ऐकू आला. सरपणातल्या काटक्या घेऊन माझ्या आठही मुली दंडार नाचत होत्या. दंडार हा आमच्याकडचा पुरुषांचा नाच. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा रंगतो. पारबताबाई तोंडानं ढोलकीचे बोल म्हणत होत्या आणि अंगण दणाणत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण नाच चांगला होता, हेच मला सलत होतं.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"माया बाप दंडारीत नाचे. त्याच्या पायातले घुंगरू मीच बांधो. पण पोरीनं मंडईत नाचाचं नाही. मंग मी गोठ्यात ढोरांसमोर नाचो. ढोरं कोणाले सांगत नाही."

मुली खळखळून हसल्या. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, की हल्ली भात करपतो, बाईंचं कामात लक्ष नाही. सरांनी घासभर खाऊन पाहिला. "चांगला तर आहे, मॅडम," म्हणाले. मी मान खाली घालून वर्गात गेले. पण नाच मात्र थांबवला नाही. तेवढी अक्कल शाबूत होती. स्पर्धा तोंडावर आली होती.

भंडाऱ्याला आमचा पहिला नंबर आला. फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून नाव माझं होतं. तिथं शिक्षकाचंच नाव लागतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. मंचावर परीक्षकांनी विचारलं, "मॅडम, मुलींना दंडार शिकवायची कल्पना कशी सुचली?"

समोरच्या कोपऱ्यात पारबताबाई आठ जोड चपला सांभाळत उभ्या होत्या. मी माईकमध्ये म्हणाले, "मी थोडं संशोधन केलं."

टाळ्या झाल्या. मुली मात्र माझ्याकडे नाही, कोपऱ्याकडे बघत होत्या.

परतीच्या गाडीत पारबताबाई माझ्या शेजारीच बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, संशोधन म्हंजे काय जी?"

"म्हणजे... शोधून काढणं."

"मंग बराबर हाये. तुमी मलेच शोधून काढलं ना."

त्या भोळेपणानं बोलल्या, की मला चिमटा काढला, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या गावच्या मंडईत मुलींचा नाच ठेवला होता. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. नाच संपला आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हे माझं काम नाही, शिकवणाऱ्या बाई खाली बसल्या आहेत. बायांनी पारबताबाईंना ढकलत मंचावर पाठवलं. "काहून हासू करता व माया!" म्हणत त्या आल्या. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. त्यांनी पदर खोचला, हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा माणसांसमोर नाचल्या.

गर्दीतली कुजबुज थांबली. म्हातारे गडी उभे राहिले. चूक कबूल केल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. हातात माईक धरून मी तिथं उभी होते आणि मनात म्हणत होते, आठ वर्षं मी घासली; माझ्यासाठी असं कोण उभं राहिलं?

माघात त्यांना ताप चढला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, पण पाच दिवसांत त्या गेल्या. मी त्यांच्या घरी भेटायला गेले. सून ओसरीत बसली होती. मला बघून तिला पुन्हा भरून आलं.

"तुमचं लय सांगत आमच्या सासूबाई," ती म्हणाली. "कामाले दहा वाजता पोचाचं, पण नवालेच घरातून निंगत. मी म्हणो, कायले पळता व मामी, चा तरी घ्या. तं म्हणत, मॅडमची प्रार्थना सुटन."

"प्रार्थना?"

"हो जी. चुलीजवळ उभ्या राहून आइकत. म्हणत, देवानं मले पाय देल्ले, गळा त्या बाईले देल्ला. रोज आइकतो अना रोज जळतो."

तिनं पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला पेटी पुढं ओढली. दोन ओळी म्हटल्या आणि पेटी थांबवली. मुली हात जोडून थांबल्या होत्या. पुढच्या रांगेतली सुमन डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. मी घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली; या वेळी मागच्या अंगणात, चुलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.