काकांनी गच्चीवरून काढलेलं माझं लग्न

कॅमेऱ्याचा झूम ही आळशी माणसाची सोय, असं मला आधी वाटायचं. आता खात्री आहे की ती ताठ मानेच्या माणसाची सोय आहे. चार पावलं पुढं जायला कमीपणा वाटत असेल तर जागेवर उभं राहून बटण ढकलायचं, समोरचाच जवळ येतो. माझ्या काकांना याहून लाडकी वस्तू जगात मिळाली नसती.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. बोरीजवळ आमचं गाव. गल्लीच्या या अंगाला आमचं घर, त्या अंगाला त्यांचं. परभणीहून त्यांनी मुठीत मावेल एवढा कॅमेरा आणला आणि गावात उच्छाद मांडला. फोटोच्या बटणाभोवती एक चकती होती, ती ढकलली की घर्र करून नळी बाहेर यायची. पंगतीत कोण किती जिलब्या हाणतोय, ते काका या टोकाला बसून बघायचे. शेतात कुणाचं ढोर शिरलं तर उठून हाकलायचं सोडून आधी नळी काढायचे. ढोर खाऊन जायचं, फोटो राहायचा. बरं, नळी पुरती बाहेर आली तरी चकती सोडायची नाही! मग पडद्यावर माणसाच्या तोंडाचा नुसता रवा व्हायचा. तोच फोटो गावभर दाखवणार, "वळख बरं, कोण हाय?" डोंबल ओळखणार!

तर माझं लग्न ठरलं. साखरपुड्याला टॉवेल-टोपीचा मान करताना घाईगर्दीत वडिलांनी आधी मामांना टोपी घातली, मग काकांना. झालं! टोप्या एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच कापडाच्या. पण आधी मामांच्या डोक्यावर गेली ना. "चारचौघांत माझी बेइज्जती केली," काका म्हणाले. "तुमच्या मांडवात पाय ठेवणार न्हाई."

आजोबा लवकर गेले. काकांना वडिलांनीच वाढवलं, शाळेत घातलं, त्यांचं लग्न लावून दिलं. हे वडील कधी बोलून दाखवायचे नाहीत, म्हणून मी दाखवते. त्यांची इच्छा एवढीच होती की पोरीवर अक्षता पडताना सख्खा भाऊ बाजूला उभा पाहिजे. त्यासाठी त्यांनी किती खेटे घातले! कुंकू-अक्षता घेऊन स्वतः गेले. "चल रे बाबा, पोरगी वाट बघायलीय." काका दारातूनच म्हणाले, "वाजत न्यायला या, मग बघू." वडिलांनी हलगीवाले पाठवले. काकांनी हलगीवाल्यांचा फोटो काढला आणि "लय उशीर केला" म्हणून त्यांना परत लावून दिलं. आता बोला! नवरदेव रुसला तर एक वेळ शोभतं. पोटाला सदरा पुरत नाही अशा वयाच्या माणसानं कशाला रुसावं? वडील मात्र मला सांगत होते, "येतो बघ तो. रागाचा हाय, पर वाईट न्हाई."

लग्नाच्या दिवशी काका त्यांच्या गच्चीवर होते. आमच्या मांडवाची पुढची बाजू उघडी, त्यामुळं तिथून स्टेज सरळ दिसायचं. अंगात नवा सदरा, डोक्याला फेटा. म्हणजे तयारी पुरी, जिना तेवढा उतरायचा बाकी. कोपरं कठड्यावर टेकलेली, श्वास रोखलेला, नळी आमच्याकडं. हात हलू नये म्हणून केवढी काळजी! काकू मागच्या दारानं येऊन केव्हाच माझ्या पाठीशी उभ्या होत्या. त्यांना कुणी मान दिला नव्हता, त्यामुळं त्यांचा अपमानही झाला नव्हता.

मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटच्याला वडील भटजींना म्हणाले, "आजून एक म्हणा." भटजींनी म्हटलं. "आजून एक." नवऱ्याकडची माणसं कुरकुरायला लागली, लोकांच्या मुठीत अक्षता घामानं चिकटल्या. अंतरपाटापलीकडचं मला काही दिसत नव्हतं. काकू कानाशी पुटपुटत होत्या, "उतरतेत, उतरतेत." शेवटी भटजींचाच घसा बसला, सावधान झालं, वाजंत्री वाजली. काका उतरले नाहीत. मी सासरी निघाले तेव्हाही गच्चीवर नळी होतीच. मी वर बघितलंच नाही. म्हटलं, घ्या माझ्या पाठीचा फोटो.

पुढं भाऊ-भाऊ बोलायला लागले, पण कामापुरतं. बी-बियाणं, पाण्याची पाळी, बास. लग्नाचा विषय वडिलांनी कधी काढला नाही. काका कशाला काढतील?

गेल्या उन्हाळ्यात वडील वारले. मातीला काका आले. मातीला आवतण लागत नाही, तिथं कुणी टोपी घालत नाही, त्यामुळं त्यांची काही अडचण झाली नाही. तेरवीला हार घालायला फोटो पाहिजे होता. लग्नाचा अल्बम काढला, तर वडील सगळीकडं वाकलेले नाही तर पाठमोरे, कुणाला तरी पाणी देताना, कुणाला बसवताना. आधार कार्डावरचं तोंड तर बघवत नाही. आई रडकुंडीला आली. तेवढ्यात काका एक मोठी फ्रेम घेऊन आले.

फ्रेमभर वडील. फेटा, कपाळाला कुंकू, छातीशी धरलेली अक्षतांची मूठ. खोटं कशाला बोलू, फोटो लय सुंदर आला होता. बसलेली माणसं वा वा करायला लागली आणि काका फुलले. तेरवीच्या दिवशी!

"गच्चीवरनं काढलाय," ते म्हणाले. "एवढ्या लांबून. डोळ्यातलं पानी बी आलंय बघा."

मी फ्रेम हातात घेतली. मागची झाडून सगळी माणसं नवरा-नवरीकडं बघत होती. वडील तेवढे वर बघत होते, सरळ नळीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका," मी विचारलं, "तवा पडद्यावर बाबा एवढेच मोठे दिसले होते का?"

"ह्याच्याहून मोठे!" काका म्हणाले. "पडदाभर."

"आन् तरी तुमी उतरला न्हाईत."

काकांनी सदऱ्याच्या बाहीनं उगीच काच पुसली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, दादा आजून एकदा हाक मारंल."

"हाकच मारायलेत की ते," मी म्हटलं आणि फ्रेम त्यांच्यापुढं धरली. "बघा नीट."