सर्द चादरी

सगळे त्यांना फिरकीबाई म्हणायचे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपडेखान्यात त्यांची उभी हयात गेली, पण तिथे त्यांना कधी बसलेलं पाहिल्याचं कुणालाच आठवत नाही. धुऊन आलेल्या चादरींचे गठ्ठे वॉर्डात जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचे. गठ्ठ्याच्या मधोमध हात घालायचा, क्षणभर थांबायचं आणि "ने" किंवा "परत वाळव" एवढंच सांगायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली ओल राहिली की काय होतं, ते त्यांनी फार पाहिलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या. मुलगा, सून आणि त्या, अशी घरात तीनच माणसं. कपडे वाळत घालायला ना गच्ची ना अंगण, म्हणून न्हाणीघराशेजारच्या बोळात एक ड्रायर होता. फिरकीबाईंनी आल्या आल्या तो ताब्यात घेतला. "काहीतरी करू दे गं मला, नाहीतर हातपाय गंजतील," असं त्यांनी सुनेला सांगून टाकलं.

ड्रायर तसा शहाणा होता. आतल्या पिंपाच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या होत्या. फिरता फिरता ओले कपडे त्या पट्ट्यांना लागले की मशीनला ओल कळायची. ओल लागेनाशी झाली की कपडे वाळले असं समजून ते आपणहून थांबायचं आणि शीळ घालायचं.

एके दिवशी शीळ वाजली, फिरकीबाईंनी दार उघडलं, आत हात घातला आणि हात तिथेच थबकला. चादरी वरून गरम होत्या, पण मधे सर्द. त्यांनी त्या बाहेर काढल्या आणि खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, पलंगाच्या कठड्यावर पसरल्या.

संध्याकाळी मुलगा घरी आला. "आई, हे काय प्रदर्शन मांडलंयस?"

"ओल्या होत्या रे."

त्याने चादर चिमटीत धरून पाहिली. "खडखडीत तर आहे."

"आता आहे. दुपारी नव्हती."

"बरं," तो म्हणाला. त्याचं ते 'बरं' फिरकीबाईंना मुळीच आवडलं नाही.

पुढे हे असंच चालू राहिलं. कधी कपडे छान वाळून निघायचे, कधी सर्द. सर्द निघाले की त्या ते पसरायच्या, आणि मुलगा-सून कामावरून येईपर्यंत सगळं वाळून चुकलेलं असायचं. म्हणजे ओल फक्त त्यांनाच सापडायची.

त्यात आणखी एक गोष्ट होती. त्यांच्याकडून अलीकडे चुका व्हायला लागल्या होत्या. गॅसवर दूध ठेवून त्या विसरल्या आणि पातेलं जळून काळं झालं. सुनेला दोनदा स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. एकदा बसमधून उतरायचा थांबाच निघून गेला. मुलगा त्यावर काही बोलला नव्हता. पण एका सकाळी त्या स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या आणि भिंतीपलीकडून त्याचा दबका आवाज आला.

"आणि आता हे कपड्यांचं. रोज नवीन काहीतरी. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. नुसतं दाखवून घेऊ."

सून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फिरकीबाईंच्या हातातलं फडकं ओट्यावर एकाच जागी फिरत राहिलं.

त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. या खोलीतून त्या खोलीत जायच्या, परत यायच्या. पडद्याला हात लावून बघायच्या, उशीला, भिंतीला, स्वतःच्या गालाला. हे कोरडं आहे ना? हे ओलं आहे ना? जेवता जेवता उठून बोळात जायच्या आणि बंद मशीनसमोर उभ्या राहायच्या.

मुलाने आईच्या समाधानासाठी मेकॅनिकला बोलावलं. त्याने पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. "कपडे मऊ करायचं औषध वापरता ना? त्याचा थर बसतो यावर. मग ओल नीट कळत नाही." दोन टॉवेल भिजवून त्याने मशीन चालवलं. शीळ वाजली. टॉवेल अगदी कोरडे निघाले.

"मशीन ठणठणीत आहे, काकू," तो म्हणाला. मुलगा आईकडे न बघता त्याला दारापर्यंत सोडायला गेला.

आणि त्याच आठवड्यात चादरी पुन्हा सर्द निघाल्या.

आता उपाय तसा सोपा होता. सून घरी असताना मशीन लावायचं आणि तिला म्हणायचं, ये, हात घालून बघ. फिरकीबाईंनी ते केलं नाही. त्या मशीन सगळे बाहेर गेल्यावरच लावायच्या, आणि सर्द कपडे आपल्या खोलीत नेऊन, दार लोटून पसरायच्या.

तेवढ्यात सुनेचा पाय मुरगळला आणि ती आठवडाभर घरी बसली. सासूबाईंच्या बंद दारामागे काय चाललंय हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. लंगडत येऊन तिने दार ढकललं. पलंगावर, कपाटाच्या दारावर, खिडकीच्या गजांवर, सगळीकडे चादरी.

"आई, हे काय? अहो, मी घरात असताना मला हाक का नाही मारलीत?"

फिरकीबाई चादरीचं टोक सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तूही कोरड्याच म्हणाली असतीस तर?"

सून पलंगाच्या कडेला टेकली. "बरं, उद्या आपण दोघी बघू," ती म्हणाली. "पण आधी हात मी घालणार. तुम्ही नंतर."

दुसऱ्या दिवशी मुलाचे शर्ट धुऊन मशीनमध्ये घातले. शीळ वाजली. सुनेने पिंपात कोपरापर्यंत हात घातला, चाचपून बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "आई, कोरडे आहेत हो."

फिरकीबाईंचा चेहरा पडला. त्यांनी तिला बाजूला सारून स्वतः हात घातला.

"आहेत खरे कोरडे," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर! तुमचा हात आणि माझा हात एकच सांगतोय. तुम्हाला काय, दर वेळी ओले लागतात का?"

"नाही गं. शर्ट कधीच नाही. चादरी असल्या की..." त्या बोलता बोलता थांबल्या.

सुनेने कपाटातल्या धुतलेल्या चादरी काढल्या. "अगं, स्वच्छ आहेत त्या!" असं फिरकीबाई म्हणेपर्यंत तिने त्या बादलीत बुचकळल्यासुद्धा. पिळून मशीन गच्च भरलं. ते भाराने हादरू लागलं, घुमू लागलं, दाराची काच थरथरली. दोघी बोळात उभ्या. फिरकीबाई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होत्या. आणि मधेच, चहाला आधण यायला लागतो तेवढाही वेळ झाला नव्हता, तर शीळ वाजली.

सुनेने दार उघडून हात घातला. "आई! ह्या तर ओल्या आहेत!"

"खरंच? मधे बघ. नीट बघ."

"अहो, पिळल्या तर पाणी गळेल!"

फिरकीबाईंनी भिंतीला पाठ टेकवली. "परत एकदा म्हण," त्या म्हणाल्या. सून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मेकॅनिक पुन्हा आला. या वेळी त्याला टॉवेल नाही, ओल्या चादरींचा ढीग दिला. मशीन थांबलं, तसा त्याने स्वतः हात घातला आणि लगेच पुढचं पॅनेल खोललं. पट्ट्यांपासून आलेली तार जिथे जोडलेली होती तो जोड अर्धवट बसला होता. त्यावर हिरवट गंजही चढला होता.

"हे बघा," त्याने दोघींना वाकायला लावलं. "हलके कपडे असले तर हा टिकून राहतो. भार पडला, मशीन हादरलं, की सुटतो. आणि सुटला की मशीनला ओल कळतच नाही. त्याला वाटतं, वाळलं सगळं."

त्याने जोड बदलला, घट्ट बसवला आणि पुन्हा चादरी फिरवल्या. या वेळी मशीन बराच वेळ चाललं. फिरकीबाईंनी तेवढ्यात बोळाच्या कितीतरी फेऱ्या घातल्या. चादरी निघाल्या त्या आतून बाहेरून कोरड्या.

संध्याकाळी मुलगा आईच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. सुनेने त्याला सगळं सांगितलं होतं. "आई, मी डॉक्टरांची वेळ रद्द करतो," तो म्हणाला.

"कशाला? चादरी ओल्या होत्या हे खरं. पण दूधही जळलंच ना? ते काही मशीनने नाही जाळलं."

"तुला कुणी सांगितलं, वेळ घेतल्याचं?"

"भिंत पातळ आहे तुमची. यापुढे माझं काही चुकतंय असं वाटलं, तर माझ्या तोंडावर सांग. मला चालेल. हे कुजबुजणं नाही चालत. त्यात झोप उडते माणसाची."

त्याने मान खाली घातली. "सांगेन," तो म्हणाला.

डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. त्यातला एक शब्द फिरकीबाईंना काही केल्या आठवला नाही. रक्तात काही कमी निघालं, त्यावर गोळ्या मिळाल्या. थोडं वयाचंही असू शकेल, काही महिन्यांनी परत बघू, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पक्कं असं काहीच हाती आलं नाही. घरी येईपर्यंत मुलगाच जास्त अस्वस्थ होता.

गोळ्यांनी थोडा फरक पडला, सगळा नाही. अजूनही एखाद्या सकाळी फिरकीबाई ओट्याशी हात हवेत धरून उभ्या राहतात. मग त्या मोठ्याने विचारतात, "अगं, काय ते, चहासाठी लागतं ते?"

"गाळणी, आई," सून आतून ओरडते.

"हां, गाळणी," म्हणत त्या चहा गाळायला घेतात.