पाचव्या गल्लीतलं रडणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगत असताना मध्येच कुणी हसलं की मला राग येतो. धुळ्याला जाऊन मी जे दिवे लावले, त्यांचा उजेड रावेरपासून यावलपर्यंत सगळ्या सोयऱ्यांत अजून पडलेला आहे!

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. केळी बरी निघाली, घड वॅगनींत भरून रवाना झाले, आणि मी ऐटीत बायकोला म्हटलं, चल, तुला धुळं दाखवतो. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही धुळ्याच्या धर्मशाळेत उतरलो. एकवीरा देवी झाली. पांझरा नदी झाली. लळिंगचा किल्ला मी लांबूनच बोटाने दाखवला. तेवढा चढतो कोण?

पण तिला यातलं काहीच नको होतं. तिला हवा होता फोटो.

वर्षभरापूर्वी तिचे वडील गेले होते, आणि त्यांचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. "बाचा चेहरा आठवाले बसते, तं नुस्ता फेटाच दिसते," असं ती म्हणायची. घरून निघतानाच तिने मला बजावलं होतं, "मले काही दाखवू नका. जोडीनं एक फोटू काढू. आपल्या पोराईवर अशी पाळी नको याले."

काढू की! आज काढू, उद्या काढू करता करता शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी परतीची गाडी. ती सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. आणि नेमकं तेव्हाच मला आठवलं, की आईचे लांबचे भाऊ, चौथ्या गल्लीतले नाना, नुकतेच वारले होते.

"आलोच आहोत धुळ्याला, तर दारावर जाऊन येऊ," मी म्हटलं.

"आज? फोटूच्या लुगड्यात?"

"पाच मिनिटांचं काम गं. एका दगडात दोन पक्षी! नाहीतर लोक म्हणतील, धुळं फिरले आणि मयताच्या घरी तोंड नाही दाखवलं."

दारावर जायची आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे ना? बाईमाणसाने लांबूनच हेल काढून रडायला सुरुवात करायची. घरातल्या बायकांनी ते ऐकून आतून साथ द्यायची. आधी रडायचं, कोण, कुठले ते मागून विचारायचं.

आता धुळ्याच्या गल्ल्या कशा? सरळ, एकीसारखी दुसरी, आणि नावाऐवजी नंबर! नानांच्या घरी मी लहानपणी एकदाच गेलो होतो. पण विचारतो कशाला? समोर एका दाराबाहेर जोड्यांचा ढीग दिसला. ओट्यावर टोप्या घातलेली माणसं खाली माना घालून बसलेली, कुणी चकार शब्द बोलत नाही. आणखी काय पुरावा हवा? मी बायकोला खूण केली. तिचा पदर नाकापर्यंत ओढलेला. ती बिचारी माझ्या भरवशावर.

तिने असा हेल काढला, की रस्त्याने चाललेली बैलगाडी थांबली हो! आतून बायका धावत आल्या. रीतच ती, त्यांनीही गळा काढला. शेजारणी आल्या, त्याही रडू लागल्या. मी मनात म्हटलं, वा! नानांनी माणसं किती जपली होती!

ओट्यावरचे एक आजोबा उठले. "कोन मरनं, भाऊ?"

"तुमच्याच घरातलं माणूस ना, आजोबा!"

"मन्हा घरनं?" सगळे इथेच आहेत ना, हे मोजल्यासारखी त्यांनी घाबरून सगळ्यांवर नजर फिरवली. "बठ्ठा ते आठेच शेतस!"

"ही चौथी गल्ली ना?"

"पाचवी शे!"

तिथे त्यांच्या नातीच्या सोयरिकीची बैठक चालली होती. मानपानावरून बोलणं अडलं होतं, म्हणून सगळे गप्प! मुलाचा बाप टोपी झटकत उठला. "सुपारीना येळे रडं? आम्ही जातस!"

मी बायकोचा हात धरला. "चल, चल, घर चुकलं!" पण ती थांबेचना. रीतीपुरतं रडता रडता तिचा खरा बांध फुटला होता. "माह्या बा रे," ती म्हणत होती, "तुहा चेहरा मले दिसत नही रे!" आजोबांनी मला दिलेल्या शिव्या तिच्या रडण्यात बुडून गेल्या. ती सोयरीक पुढे जमली की मोडली, हे विचारायची हिंमत मला आजतागायत झालेली नाही.

तिथून चौथ्या गल्लीत गेलो. खऱ्या नानांच्या दारात बायको कोरडी ठणठणीत उभी! सगळं पाणी पाचव्या गल्लीत सांडलेलं. बायका कुजबुजल्या, "काय दगडना काळजानी बाई शे!" म्हणून मीच गळा काढला, तर लोक माझ्याकडे बघत बसले.

आग्रा रोडवरच्या फोटोवाल्याकडे पोचलो तेव्हा गाडीची वेळ होत आली होती. तिचे डोळे सुजलेले, नाक लाल, कुंकू फिसकटलेलं. मी म्हटलं, "पुढल्या खेपेला काढू."

"आत्ताच काढाचा," ती म्हणाली. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं काढत फोटोवाला म्हणाला, "वहिनी, जरा हसा." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने फोटो काढला.

पुढली खेप कधी आलीच नाही. जोडीचा तेवढाच फोटो. घरात भिंतीवर आहे. नवी पाहुणी आली की हमखास त्याच्यासमोर थबकते आणि हळूच विचारते, "अक्का, एवढं कायचं दुख व्हतं वो तुमाले?"

 बायको फोटोत आपल्या शेजारी फेटा बांधून बसलेल्या माणसावर नुसतं बोट ठेवते.