गालाचे दोन मिलिमीटर

गुरुवारी संध्याकाळी विक्रोळीला, आमच्या बिल्डिंगखालच्या बाकावर बसलो होतो आणि मोबाईल वाजला. नाव वाचलं… ‘रेघोटी’. मेसेज होता. लगेच उघडलाच नाही मी.

आता ही रेघोटी कोण, ते सांगतो. तिला विचारूनच लिहितोय. मोबाईलवर ‘फॉल-पिको’ नावाचं एक वेबकॉमिक येतं… म्हणजे यायचं. साड्यांना फॉल-पिको करून घर चालवणारी आई आणि तिची कॉलेजातली मुलगी सुमन, एवढीच माणसं. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आठ चौकटी. काढणारी मुलगी स्वतःचं नाव देत नाही, खाली फक्त ‘रेघोटी’ अशी सही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. चित्रातलं मला फार कळतं असं नाही, पण या मुलीची रेघ बघितली आणि येडाच झालो. एका भागात आई सुमनवर रागावलीय, बोलत नाही. आठही चौकटींत नुसती तिची पाठ, मशीनवर वाकलेली. शेवटच्या चौकटीत तीच पाठ जराशी सैल… राग गेला! एक शब्द नाही हो कुठे. मी तो भाग बायकोला तीनदा दाखवला. ती म्हणाली, "बघितलं, बघितलं. आता मटार सोला."

दर गुरुवारी मी खाली लांबलचक लिहायचो. तरुण पोरं "झकास", "लव्ह यू आई" टाकून मोकळी. मी मात्र चौकटी-चौकटीने. सवयच ती… एकतीस वर्षं कंपनीत तयार पार्ट तपासायचं काम केलं. गेज लावायचं, पार्ट बसला तर पास, नाही बसला तर लाल ठिपका, रिजेक्ट.

इथेच वाट लागली.

सोळावा भाग आला आणि आईचा चेहरा मला खटकला. मी जुने भाग काढले, सारख्या मापाच्या चौकटी शोधल्या आणि चक्क स्टीलची पट्टी मोबाईलच्या काचेवर ठेवून मोजलं. चौथ्या भागात गालापासून गालापर्यंत अकरा मिलिमीटर, सोळाव्यात नऊ. ब्लाऊजची बाहीसुद्धा दंडावर ढगळ. मी शहाण्यासारखं सगळं लिहिलं आणि शेवटी गमतीत टाकलं, "एकच बाई आहे ना ही? लक्ष कुठे आहे? हा भाग रिजेक्ट."

पुढच्या गुरुवारी भाग आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खाली कुणीतरी लिहिलं, "काका, घालवलंत ना तिला!" बायको म्हणाली, "अहो, पोरगी हौसेनं काढतेय, तिला कसले शिक्के मारता? रिटायर झालात ना?"

पाच महिने गेले. दोनदा माफी मागितली, उत्तर नाही. गुरुवारी सहा वाजले की हात आपोआप तिथेच जायचा. तोच सोळावा भाग, आणि खाली तीच माझी कमेंट. पुसून टाकावीशी वाटायची, पण केलेलं असं पुसून थोडंच जातं…

सुमनची परीक्षा झाली असेल का, आईला लग्नसराईचं काम मिळालं असेल का, असं काहीबाही मनात येत राहायचं. चित्रातली माणसं हो! पण चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं ते खरं होतं.

आणि त्या संध्याकाळी तिचा मेसेज. बोरिवलीला राहते म्हणे. लिहिलं होतं…

"काका, मी आईला समोर बसवून काढते. कॉमिकमधली आई म्हणजे माझी आईच. तुमची कमेंट वाचून आधी खूप राग आला. मग सगळे भाग ओळीने लावून बघितले. माझी चूक नव्हती काका. ती खरंच बारीक होत चालली होती. रोज समोर असते, म्हणून घरात कुणाला दिसलंच नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. वेळेत आलात म्हणाले. ट्रीटमेंट चालू आहे."

मेसेज परत पहिल्यापासून वाचला. मला तरी कुठे दिसलं होतं? मला चित्राची चूक दिसली होती, बाई दिसलीच नव्हती.

खाली एक व्हॉइस मेसेज होता. बाईंचा आवाज थकलेला, पण बोलणं एकदम कडक.

"भाऊ, मी हिची आई. तुमचं सगळं वाचते मी. हिला जरा सांगा ना, परत काढायला घे म्हणावं. मी बसते समोर. पण ही पेन्सिल घेऊन माझ्याकडे बघतच नाही. म्हणते, आता नको, तुझे केस गेलेत. अगं, गेले तर गेले, तेवढंच काढायचं काम कमी!"

मला हसू आलं… आणि मग कितीतरी वेळ चष्मा पुसत बसलो.

टाईप केलं, "बाळ, काढायला घे." पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. कारण हे मी त्या माऊलीसाठी सांगतोय की मला माझा गुरुवार परत हवाय म्हणून, ते माझं मलाच कळेना. तिकडे पोरीला आईकडे बघवत नाही, आणि इकडे मी सतराव्या भागासाठी जीव टाकतोय…

वर जाऊन बायकोला सगळं ऐकवलं. तिनं आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, "आईनं सांगितलंय ना तिला? मग तुम्ही घाई लावू नका. नुसते असा तिथे."

मग एवढंच पाठवलं. "बाळ, आईंना माझा नमस्कार. त्यांचं म्हणणं मी ऐकलं, तूही ऐकलं आहेस. बाकी तुझ्या मनावर. नाही काढलंस तरी गुरुवारी सहाला मी असतोच."

तिनं हात जोडल्याचा इमोजी पाठवला. हो नाही, नाही पण नाही.

ओळख ना पाळख, पण बोरिवलीच्या एका घरात कुणीतरी मला भाऊ म्हणतं. या वयात हे मिळालं, अजून काय पाहिजे… असं स्वतःला सांगतोय खरं.

आज शनिवार आहे. तरी सकाळपासून दोनदा उघडून बघितलं.